एक एकर भात, एक म्हैस
(हंगामी अभ्यासपाठ : शेत आणि गोठा)



उन्हाळी सुट्टी संपून शाळा उघडते ती रोहिणी नक्षत्रात. बेळगाव-खानापूर भागात याच दिवसांत धूळवाफ पेरणीची घाई असते. कोरड्या रानात कुरीने भात पेरून टाकायचा आणि मृगाची वाट बघायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पेरणीच्या या धांदलीत गोठ्याकडे बघायला कोणाला सवड नसते. घरातल्या जाणत्या माणसांचे लक्ष आभाळाकडे, आणि म्हशीला वैरण टाकण्याचे काम मात्र तुम्हा मुलांकडे. म्हणून यंदाचा पहिला अभ्यासपाठ आम्ही मुलांसाठीच लिहीत आहोत. पालकांनी व विश्वस्तांनीही तो वाचावा.

आपल्या शाळेत येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी एक-दोन म्हशी किंवा एखादी संकरित गाय आहे. वह्या-पुस्तके, बसचा पास, आजोबांचे औषध हे खर्च दुधाच्या बिलातून भागतात. चांगल्या दुधाच्या म्हशीला आज लाखभर रुपये मोजावे लागतात. अशी म्हैस आजाराने एका रात्रीत दगावली तर त्या घराचे दोन-तीन वर्षांचे गणित बिघडते, आणि पुन्हा म्हैस घ्यायची हिंमत होतेच असे नाही. दावणी रिकाम्या होण्याला इतरही कारणे आहेत. पण टाळता येण्यासारख्या नुकसानीतून तरी त्या रिकाम्या होऊ नयेत, एवढ्यासाठी हा पाठ.

पिंजराचा हिशोब

आपण शेताचा हिशोब वेगळा आणि गोठ्याचा वेगळा धरतो. प्रत्यक्षात तो एकच आहे. एक सोपे गणित करून पाहू.

साधारण ५०० किलो वजनाची म्हैस आहे आणि ती दिवसाला ८ लिटर दूध देते. जनावराला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन टक्के कोरडा पदार्थ लागतो. कोरडा पदार्थ म्हणजे चाऱ्यातले पाणी वजा करून जे उरते ते. आपल्या म्हशीसाठी तो १४ किलो धरू. आता खुराक किती? शरीरपोषणासाठी दीड किलो आणि म्हशीच्या दर दोन लिटर दुधामागे एक किलो. म्हणजे दीड अधिक चार, साडेपाच किलो. (गाईच्या दुधात फॅट कमी, म्हणून तिला दर अडीच लिटरला एक किलो धरतात.) साडेपाच किलो खुराकातून सुमारे ५ किलो कोरडा पदार्थ मिळतो. हिरवी वैरण २० किलो टाकली तर तिच्यात पाणीच जास्त, कोरडा पदार्थ फक्त ४ किलो. दोन्ही मिळून ९ झाले. उरलेले ५ किलो वाळल्या वैरणीतून यायला हवेत, म्हणजे रोज साडेपाच किलो पिंजर.

साडेपाचला ३६५ ने गुणा. वर्षाला दोन टन.

भाताला धान्याच्या वजनाइतका किंवा त्याहून थोडा जास्त पिंजर निघतो. एकरी २० क्विंटल भात झाला तर पिंजरही तितकाच धरा. म्हणजे एक एकर भात बरोबर एक म्हैस. ज्या घरी एक एकर शेत आणि तीन म्हशी आहेत, त्या घरी फाल्गुन-चैत्रात वैरण विकत घ्यावी लागणारच, आणि त्या दिवसांत पिंजराचा भाव कोणाच्या हातात नसतो.

या गणितावरून एक गोष्ट ध्यानात यावी. पेरणीला कोणती जात निवडायची हे ठरवताना आपण तांदळाचा भाव बघतो. बासमती किंवा इंद्रायणीसारख्या सुवासिक भाताला भाव आहे, येळ्ळूर-वडगाव शिवारातल्या तांदळाला नाव आहे, हे सगळे खरे. पण उंच वाढणारी जात जास्त पिंजर देते आणि बुटकी कमी देते, हेही त्याच वेळी बघायला हवे. तसेच यंत्राने कापणी केली की पिंजर तुकडे होऊन रानात पसरतो आणि तो गोळा करण्याचा कंटाळा केला जातो. मजुरी वाचली असे आपण म्हणतो, पण गोठ्याच्या बाजूने पाहिले तर वर्षभराची वैरण रानात टाकून आलेलो असतो. ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांनी निदान एक तुकडा हाताने कापावा, असे आमचे मत आहे.

पिंजर पोटभरीला चांगला, पोषणाला कमी. त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात. तो सकस करण्याची एक माहीत असलेली पद्धत आहे. १०० किलो पिंजरासाठी ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा, पिंजराचे थर देत ते पाणी सारखे शिंपडायचे, पायाने दाबायचे आणि प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवायचे. उघडल्यावर वास उडून जाईपर्यंत पसरून ठेवायचा आणि मग सवय लावत थोडा थोडा घालायचा. सहा महिन्यांखालील वासरांना व रेडकांना तो देऊ नये.

येथे दोन धोके आहेत आणि ते मुलांना पाठच हवेत. पहिला धोका : युरियाचे पाणी जनावर प्याले तर ते विष आहे. बादली उघडी ठेवू नये, त्याच बादलीतून पाणी पाजू नये. दुसरा धोका फार कमी जणांना माहीत असतो. कच्च्या सोयाबीनमध्ये युरियाचे झपाट्याने अमोनियात रूपांतर करणारा घटक असतो. युरिया लावलेला पिंजर आणि कच्चे सोयाबीन ही दोन्ही एकाच जनावराच्या पोटात गेली तर विषबाधा होऊ शकते. बैलहोंगल, हुक्केरी, चिक्कोडी बाजूला सोयाबीन घरोघरी आहे. मळणीनंतरचे फुटके दाणे म्हशीपुढे टाकण्याआधी हे आठवावे.

पेरणीच्या दिवसांत

शेतीच्या मापाने आपला जिल्हा एकसारखा नाही. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे पाऊस थांबत नाही, आणि अथणी-रायबागकडे त्याची वाट बघावी लागते. त्यामुळे एकच तारीख सगळ्यांना सांगण्यात अर्थ नाही. धूळवाफ भाताला मृगाआधी पेरले तरी चालते. सोयाबीनला मात्र चांगली ओल लागते. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन भिजल्याशिवाय ते पेरू नये, नाहीतर एक सर येऊन पुढे उघडीप पडली की दुबार पेरणी ठरलेली.

दोन प्रयोग मुलांनी घरी जरूर करावेत. भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकून बघावे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालावे. पोकळ, हलके दाणे वर तरंगतात, ते काढून टाकावेत. खाली बसलेले बी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. दुसरा प्रयोग सोयाबीनचा. घरच्या बियाण्यातील १०० दाणे ओल्या पोत्यात ओळीने मांडून गुंडाळून ठेवावेत, पोते ओलसर राखावे आणि आठवड्याने कोंब मोजावेत. ७० किंवा जास्त उगवले तर बी पेरण्याजोगे. कमी उगवले तर बियाणे वाढवावे लागेल किंवा बदलावे लागेल. औषध चोळलेले बी उरले तर ते कोंबड्यांना किंवा जनावरांना कधीही घालू नये, आणि त्याची पिशवी वैरणीच्या खोलीत ठेवू नये.

पेरणीच्या गडबडीतच वैरणीची सोय करून टाकायची असते, कारण नंतर ती राहून जाते. बांधावर किंवा विहिरीकाठच्या एक-दोन गुंठ्यांत संकरित नेपियरची कांडी जूनमध्ये लावली तर दोन-अडीच महिन्यांनी पहिली कापणी मिळते आणि पुढे दर दीड-दोन महिन्यांनी मिळत राहते. मक्यात चवळी मिसळून पेरली की प्रथिनांचीही थोडी भर पडते. बांधावर शेवरी लावणारी जुनी माणसे काही उगीच लावत नव्हती.

जिथे ज्वारी वैरणीसाठी करतात तिथल्या मुलांनी एक खूणगाठ बांधावी. गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, पाण्याचा ताण पडून खुरटलेली ज्वारी आणि कापणीनंतर खोडातून आलेले फुटवे यांत एक विषारी द्रव्य तयार होते. जनावर खाताच काही मिनिटांत धापा टाकते, थरथरते आणि पडते. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापावी. चरायला सोडलेल्या म्हशी शेजारच्या कोवळ्या ज्वारीत शिरल्या तर पिकाच्या नुकसानीपेक्षा म्हशींची काळजी आधी करावी लागते.

लस : पावसाआधी

घटसर्प हा पावसाळ्याच्या तोंडावरचा रोग. पाश्चुरेला नावाच्या जिवाणूमुळे तो होतो आणि गाईंपेक्षा म्हशींना जास्त मारक ठरतो. एकदम खूप ताप, गळ्याखाली सूज, घरघर लागलेला श्वास, आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. उपचार अगदी सुरुवातीला मिळाला तरच उपयोग. लस मात्र साधी आणि खात्रीची आहे. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ती मे महिन्यातच टोचून घ्यावी. राहिली असेल तर हा अंक हाती पडताच टोचून घ्यावी. फऱ्या रोगाची लसही याच वेळी देतात. त्यात तरणी, धष्टपुष्ट जनावरे एकाएकी लंगडतात, मांडीवर सूज येते आणि दाबल्यावर चरचर आवाज होतो.

लाळ-खुरकत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांसाठी २०१९ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम आहे. लाळ-खुरकतीची लस वर्षातून दोनदा. गर्भपाताच्या रोगाची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच. हा दुसरा रोग माणसालाही होतो. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी उचलू नये आणि कच्चे दूध पिऊ नये.

लम्पी त्वचारोगाचा धडा आपण २०२२ साली घेतला आहे. भारतात तो प्रथम २०१९ मध्ये ओडिशात नोंदला गेला आणि २०२२ च्या पावसाळ्यात व त्यानंतर कर्नाटक-महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. त्यात मुख्यतः गाई-बैल गेले. म्हशींना तो कमी होतो. डास, चावणाऱ्या माश्या, गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो, म्हणून लसीबरोबर गोठ्यातले शेण, साचलेले पाणी यांचा बंदोबस्त करणे हाही उपायच आहे. हा रोग माणसाला होत नाही. त्या वर्षी अनेकांनी भीतीने दूधच बंद केले होते, त्याची गरज नव्हती. उकळलेले दूध चालते.

लस टोचायला माणसे गावात येतात तेव्हा घरी कोणी नसते, असे अनेकदा घडते. काही घरी लस टोचली की दूध कमी होते म्हणून टाळाटाळ करतात. दूध एक-दोन दिवस थोडे घटते, हे खरे. पण ते पुन्हा भरून येते. मेलेली म्हैस भरून येत नाही.

येथे आपल्या मुलांवर एक खास जबाबदारी आहे. दवाखान्यातील फलक, लसीचे कार्ड, पंचायतीची सूचना कन्नडमध्ये असते. घरच्या आजीला ती वाचता येत नाही, तुम्हाला येते. फलकावर ‘कालुबायी रोग’ असे लिहिले असेल तर ती आपली लाळ-खुरकत. ‘चर्मगंटु’ म्हणजे लम्पी, ‘चप्पे’ म्हणजे फऱ्या. घटसर्पाला ‘गळले रोग’ किंवा ‘गंटलु बेने’ असे दोन्ही म्हणतात. हे शब्द वहीत लिहून ठेवा. जनावराच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो, तोही लिहून ठेवा. विमा, नुकसानभरपाई, लसीची नोंद सगळे त्या क्रमांकावर चालते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात अनेकांची जनावरे वाहून गेली किंवा दगावली. अशा वेळी नोंद हाताशी असली तर पुढचे काम सोपे जाते. पशुवैद्यकीय फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो दाराच्या आतल्या बाजूस खडूने लिहिला तरी पुरे.

भर पावसातला गोठा

आर्द्रा ते पुष्य, म्हणजे आपण ज्याला तरणा-म्हातारा पाऊस म्हणतो तोवर, जनावरे बहुतेक बांधूनच असतात. या काळात दुधाचे नुकसान मुख्यतः कासदाहाने होते. धार काढल्यावर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडे राहते. त्याच वेळी म्हैस ओल्या शेणात बसली की जंतू आत शिरतात. उपाय साधा आहे. खुराकाचा काही भाग धार झाल्यावर द्यावा, म्हणजे ती उभी राहते. सड जंतुनाशकात बुडवावेत. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर काढून बघाव्यात. गुठळ्या, पाणचट दूध किंवा रक्ताचा अंश दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे. प्रतिजैविकाचे औषध चालू असताना व नंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या जनावराचे दूध विकू नये, घरी वापरू नये. डेअरीत कोणी तपासले नाही तरीही नाही.

श्रावणात हिरवे गवत भरपूर होते आणि दूध वाढते, पण फॅट उतरते. डेअरीत फॅटवर भाव असल्याने घरात कुरबूर सुरू होते, कधी यंत्रावर संशयही घेतला जातो. त्यामागचे शास्त्र पाहा. म्हशीच्या पहिल्या पोटात अब्जावधी सूक्ष्म जीव असतात. ते तंतुमय वैरण कुजवतात आणि त्यातून जे आम्ल तयार होते त्यापासून दुधातली स्निग्धता बनते. कोवळ्या, पाणीदार गवतात तंतू कमी, म्हणून फॅट कमी. रोजचा पिंजर किंवा कडबा या दिवसांतही बंद करू नये, आणि कुट्टी भुशाइतकी बारीक करू नये, इंच-दीड इंच ठेवावी. बेळगावचा कुंदा दूध आटवून होतो, आणि त्या दुधातली स्निग्धता पिंजरापासून सुरू होते, ही गोष्ट मिठाईच्या दुकानात उभे असताना लक्षात येत नाही.

भाताच्या चिखलवाटांचा एक खास त्रास आहे, तो यकृतातील चपट्या कृमींचा. त्यांची पिल्ले पाणथळ जागच्या गोगलगायींत वाढतात आणि गवताला चिकटून जनावराच्या पोटात जातात. जनावर वाळत जाते, हगवण लागते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज येते. ओढ्याकाठचे व पाण्यात बुडालेले गवत शक्यतो टाळावे आणि पावसाळ्याआधी व नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे योग्य औषध द्यावे. सगळी जंताची औषधे या कृमींवर चालत नाहीत.

वीज पडण्याच्या दिवसांत एकट्या झाडाखाली जनावर बांधू नये. गोठ्यातील जुनी वायर आधी बदलावी.

सणाचे एक सांगायचे राहिले. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला, महाराष्ट्रातला आषाढात. आपल्या सीमाभागात काही गावांत एक, काहींत दुसरा आणि काही हौशी घरी दोन्ही होतात. बैलाला पुरणपोळीचा घास द्यावा, त्यात काही वाईट नाही. पण घास द्यावा, परात नव्हे. लग्नाचा उरलेला भात, पोळ्या, ज्वारीचे पीठ असे पिठूळ अन्न एकदम जास्त पोटात गेले की पहिल्या पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबतो आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकते. वाया जाऊ नये म्हणून टाकलेल्या अन्नाने जनावर गेल्याची उदाहरणे दरवर्षी लग्नसराईत घडतात.

सुगीनंतर

हस्त-चित्राच्या पावसात कापलेला भात भिजला तर पिंजर काळा पडतो. बुरशी आलेला पिंजर म्हशीला घालू नये. त्याने शेपटीचे टोक, कानाच्या कडा आणि खुरे सडण्याचा रोग होतो, त्याला उत्तरेकडे देगनाला म्हणतात. गंजी रचताना खाली दगड-लाकडांचा ओटा करावा आणि पिंजर नीट वाळल्यावरच रचावा.

भात निघाल्यावर त्याच ओलीवर आपल्याकडे मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात. या पिकांच्या मुळांवरील गाठी जमिनीत नत्र साठवतात आणि मळणीनंतरचा भुसा पिंजरापेक्षा कितीतरी सकस असतो. मसुराचा भुसा विकून पिंजर विकत घेणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. त्यांनी एकदा प्रथिनांचा हिशोब करावा.

तालुक्याच्या पश्चिम भागात रताळ्याचे पीक मोठे आहे. रताळ्याचे ताजे वेल ही उत्तम हिरवी वैरण आहे. पण महाशिवरात्रीच्या बाजारासाठी निवड करताना जी काळी पडलेली, बुरशी आलेली रताळी बाजूला टाकतात, ती म्हशीपुढे ओतू नयेत. त्यांतील विषाने फुप्फुसाला सूज येते आणि जनावर गुदमरते. हिरवे पडलेले व कोंब आलेले बटाटेही वर्ज्य.

उसाचे वाढे या दिवसांत फुकट मिळतात म्हणून महिनोन्महिने तेच घातले जातात. वाढ्यात ऑक्झालेट असते, ते चुन्याला म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवते. दुभत्या म्हशीची हाडे मग दुधासाठी झिजतात आणि ती वेळेवर माजावर येत नाही. वाढ्याबरोबर दुसरी वैरण मिसळावी आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण व ३० ग्रॅम मीठ चुकवू नये. ‘म्हैस उलटते, गाभण राहत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना आम्ही आधी हेच विचारतो, की खनिज मिश्रण देता का?

म्हशी थंडीच्या दिवसांत जास्त माजावर येतात, पण त्यांचा माज मुका असतो. गाय हंबरते, म्हैस पुष्कळदा नुसती अस्वस्थ होते, वारंवार थोडे थोडे लघवी करते, पारदर्शक सोट टाकते. हे पहाटे आणि रात्री बघावे लागते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे. अभ्यासाला पहाटे उठणाऱ्या मुलांनी गोठ्यात एक फेरी मारावी.

रेडकू जन्मले की वार पडण्याची वाट न बघता तासाभरात चीक पाजावा. पहिल्या दिवसाचा चीक त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका हवा, म्हणजे ३० किलोच्या रेडकाला तीन लिटर, दोन-तीन वेळा विभागून. त्यातूनच त्याला रोगप्रतिकारशक्ती मिळते. खरवस त्यानंतर उरलेल्या चिकाचा.

शेणाचाही हिशोब करा. दोन म्हशी, रोज १५ किलोप्रमाणे ३० किलो शेण, वर्षाला जवळपास ११ टन. कुजून साधारण निम्मे, म्हणजे ५ टन खत धरा. त्यात अर्धा टक्का नत्र म्हणजे २५ किलो. युरियात नत्र ४६ टक्के असते, म्हणजे हे ५४ किलो युरियाइतके झाले. युरियाची गोणी ४५ किलोची येते. पहिल्या वर्षी त्यातील साधारण तिसरा हिस्साच पिकाला मिळतो, बाकीचे पुढच्या पिकांना, आणि जमीन भुसभुशीत राहते तो फायदा वेगळा. उकिरडा उघडा ठेवून पावसात धुऊन जाऊ दिला तर मात्र हे सगळे गटारात जाते. खड्डा करून वर मातीचा थर द्यावा.

विश्वस्त मंडळास आमची एक विनंती आहे. मे महिन्यातील लसीकरणासाठी शाळेचे मागचे मैदान एक दिवस उपलब्ध करून द्यावे. सुट्टीत ते रिकामेच असते. जवळच्या पाच-सहा गल्ल्यांतील जनावरे एका सकाळी होतील, आणि डॉक्टरांनाही घरोघरी फिरावे लागणार नाही.

गृहपाठ (इयत्ता सातवी ते दहावी)

१. म्हशीचा गाभणकाळ ३१० दिवसांचा व गाईचा २८० दिवसांचा धरा. १५ डिसेंबरला दोघींना रेतन झाले तर म्हैस २१ ऑक्टोबरला आणि गाय २१ सप्टेंबरला विते, हे महिन्यांचे दिवस मोजून पडताळा. विण्याआधी ६० दिवस दूध आटवायचे असल्यास म्हैस कोणत्या तारखेस आटवावी?

२. तुमच्या घरी किती जनावरे आहेत आणि भाताचे क्षेत्र किती? वर दिलेल्या रीतीने पिंजर किती महिने पुरेल ते काढा. जनावरे नसल्यास शेजारच्या घराचा हिशोब त्यांना विचारून मांडा.

३. गोठ्याची एक वही घाला. एका जनावराला एक पान. बिल्ल्याचा क्रमांक, लसींच्या तारखा, जंताचे औषध, माजाची व रेतनाची तारीख, रोजचे दूध. जूनअखेर ही वही विज्ञानाच्या तासाला आणावी.